तपकिरी रकाना: कारवीच्या उतारावरच्या रोझफिंचच्या नोंदी

२० ऑक्टोबर, रविवार

नवी वही काढली. भाची बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला प्रोजेक्ट पाहिजे आणि मला रविवारी घरातनं बाहेर पडायला कारण पाहिजे, असा सौदा जमलाय. विषय मीच सुचवला, रोझफिंच. चिमणीएवढा पक्षी, नर गुलाबी-लाल, उन्हाळ्यात हिमालयात नाहीतर त्याच्या पलीकडं पार सायबेरिया, रशिया, फिनलंडपर्यंत अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत येऊन बिया खात बसतो. आमच्यात कोण तुती म्हणतं, कोण गुलाबी फिंच, हिंदीत लाल तूती. मी वहीत सगळीकडं रोझफिंचच लिहिणार.

मी काय शास्त्रज्ञ नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान आहे, फाउंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा जो नमुना लागतो तो आम्ही करतो. त्यामुळं अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतो, एवढंच भांडवल. आणि एक जुनी ८×४२ ची दुर्बीण.

जागा गगनबावडा रस्त्याला, साळवणच्या पुढं एक उतार. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पिंजऱ्यात घालायला हे पक्षी पकडणारे लोक अजून आहेत, १९७२ चा कायदा असला तरी आहेत, त्यांना पत्ता कशाला द्या.

हाच उतार का, तर इथली कारवी औंदा फुलली. कारवी म्हणजे ज्याच्या काठ्यांनी पूर्वी कुडाच्या भिंती करायचे ती. साधारण सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते, आणि प्रत्येक डोंगराचं साल वेगळं. खालच्या धनगरवाड्यावरच्या आबांनी ऑगस्टमध्येच फोन केलता, "पाव्हणं, डोंगार निळा झालाय, या बघायला." तेव्हा फाउंड्रीच्या कामाच्या नादात जमलं नाही. आज गेलो तर फुलं संपत आलेली, मधमाश्या अजून थोड्या फिरत होत्या, बोंडं हिरवी.

रोझफिंच शून्य. अजून लवकर आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आले! सकाळी पावणेआठ, उताराच्या वरच्या अंगाला चार. एक नर, डोकं आणि छाती लालसर, बाकी तीन तपकिरी. वहीत लिहिलं, नर १, मादी ३. पहिल्याच खेपेला तक्ता भरायला मिळाला म्हणून भाची खूश.

तपकिरीवाले ओळखायला लई वेळ गेला हे कबूल करतो. आधी वाटलं रानचिमणी, मग वाटलं साधीच चिमणी इथं काय करतीय. शेवटी चोच बघितली. जाड, आखूड, वरनं गोलसर, आणि साध्या तपकिरी चेहऱ्यावर काळा मण्यासारखा डोळा. चिमणीच्या मादीला डोळ्यामागं फिकट पट्टा असतो, ह्याला तसलं काही नाही, चेहरा एकदम कोरा. छातीवर बारीक तपकिरी रेघा, पंखावर दोन फिकट पट्ट्या, शेपटीला मधी खाच. भाचीनं हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर चित्र काढून लिहून ठेवलंय, चित्रातला पक्षी कोंबडीसारखा झालाय पण खुणा बरोबर आहेत.

आवाज एकच, वर चढत जाणारा मऊ "उईऽ". कुणीतरी लांबनं प्रश्न विचारल्यागत.

खात काय होते ते दिसलं नाही. कारवीच्या बोंडांवर होते पण बोंडं अजून ओली, खातायत का नुसतं बसलेत कळेना.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सात. नर २, मादी ५.

एका नराला शेपूटच नाही! म्हणजे आहे पण बोटाच्या पेराएवढी. भाची म्हणाली मांजरानं धरली असेल. मला पण आधी तेच वाटलं, पण मग तो उडाला तेव्हा पंखात सुद्धा फटी दिसल्या, दोन्हीकडं सारख्याच जागी, डावीकडं जिथं पीस नाही तिथंच उजवीकडं नाही. मांजर एवढं हिशोबी नसतंय. ही कात टाकल्यागत पिसं बदलायची भानगड.

घरी येऊन वाचलं तर बरोबर निघालं. बरेच फिंच जातीचे पक्षी विणीनंतर तिथंच जुनी पिसं टाकून नवी घेतात आणि मग जे काय स्थलांतर करायचं ते करतात. हे पूर्ण वाढलेले रोझफिंच उलटं करतात, जुन्या झिजलेल्या पिसांवरच एवढा प्रवास करून येतात आणि इथं पोचल्यावर निवांत सगळी पिसं बदलतात. म्हणजे गाडी टायर गुळगुळीत झालेली असताना कन्याकुमारीला न्यायची आणि तिथं टायर बदलायचे. मला हे धोक्याचं वाटतंय पण त्यांचं चाललंय खरं. थोडा विचार केला तर कारण पण पटतं, तिकडं वर उन्हाळा आखूड, पिल्लं उडाली की लगेच थंडी, आणि इथं नोव्हेंबर डिसेंबरात खायला भरपूर. पीस बनवायला माल लागतो, माल जिथं तिथं कारखाना.

तर आपल्या डोंगरावर जो लाल नर दिसतोय त्याचं नवीन पीस न पीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या खाण्यावर तयार होतंय. हे भाचीला सांगितलं तर म्हणाली, मामा हे वाक्य रिपोर्टात चालणार नाही. बघू.

३ डिसेंबर, मंगळवार रात्री

डोंगरावरनं आणलेली कारवीची वाळकी बोंडं स्टीलच्या वाटीत स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवलेली. आबा म्हणाले होते की पहिल्या पावसात ही बोंडं फुटतात आणि सगळा डोंगर तडतडतो. म्हटलं करून बघू. जेवणं झाल्यावर वाटीत चमचाभर पाणी शिंपडलं आणि टीव्ही बघत बसलो.

थोड्या वेळानं आतनं "टप्प". मग परत "टप्प, टप्प". बायको उठून आत गेली आणि तिथनं ओरडली, तिच्या कपाळावर बी येऊन बसलेली. नंतर बराच वेळ आम्ही दोघं कट्ट्यासमोर उभं राहून बघत होतो. बोंड सुकताना आतल्या आत ताण धरून बसतं, पाणी लागलं की शिवण उसवते आणि दोन फाका झटक्यात उघडून बी लांब फेकते. बी चपटी, तपकिरी. एक फ्रीजच्या मागं गेली.

म्हणजे झाड बी धरतं पावसाळ्याच्या शेवटाला पण सोडतं पुढच्या पावसाळ्यात. मधले सहा-सात महिने सगळा माल बंद डब्यात झाडावरच. आणि नेमके तेवढेच महिने रोझफिंच इथं मुक्कामाला.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस भारी गेला, सविस्तर लिहितो.

बायकोची जुनी सुती साडी घेऊन गेलतो (विचारून). कारवीच्या एका बेटाखाली सात वाजायच्या आधी अंथरली, चार टोकांना दगड ठेवले आणि आम्ही पंचवीस पावलं मागं करवंदीच्या जाळीआड बसलो. साडेआठला नऊ पक्षी आले, दोन लाल. इतक्या जवळनं पहिल्यांदा खाताना बघितले.

बोंड फोडायला त्यांना पाण्याची वाट बघायला लागत नाही. बोंडाच्या टोकाला चोच लावतात, शिवणीवर दाबतात, बोंड चिरतं, आतली बी घेतात. मग खरं काम चालू. इतके दिवस मी समजत होतो की जाड चोच म्हणजे हातोडी, ठेचायची. तसं नाही, तो अडकित्ता आहे. वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला कडेनं खाच असते, जिभेनं बी त्या खाचेत बसवायची, खालच्या चोचीची धार खालनं वर दाबायची, टरफल तडकलं की जिभेनंच बी गोल गोल फिरवून साल सोलायची, साल चोचीच्या कडेनं बाहेर आणि गर आत. हे सगळं एवढ्यात होतं की आपल्याला नुसतं दिसतं चोच चघळल्यागत हलतीय आणि कडेनं भुसा गळतोय. पॅटर्नच्या धंद्यात तीस वर्षं काढली, एवढ्याशा जागेत धरणं, कापणं आणि सोलणं तिन्ही करणारं हत्यार मला करता येणार नाही. डोकं एवढं गुटगुटीत का दिसतं ते पण कळलं, जबड्याचे स्नायू तिथं भरलेत.

खाली होला पण दाणे टिपत होता. तो असलं काही करत नाही, बी अख्खी गिळतो आणि पोटातल्या खड्यांनी दळतो. एक सोलून खाणारा, एक गिळून दळणारा. खडे रोझफिंचला पण लागतात म्हणा, मधनं मधनं पायवाटेवर उतरून वाळूचे बारीक कण उचलताना दिसले.

पक्षी गेल्यावर साडी गोळा केली. दव पडून ओली झालेली, निम्मा भुसा चिकटला, आणि मुंग्या आमच्या आधी पोचलेल्या, त्यामुळं मोजणी कितपत खरी धरायची माहीत नाही. तरी भुसा कागदात बांधून आणला आणि संध्याकाळी गुजरीत सराफ दोस्ताच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर ठेवला. तो माझ्याकडं बघतच राहिला. साडेतीन ग्रॅम. त्यानं विचारलं ह्याचा भाव काय. म्हटलं जो पक्षी हे करतो तो स्वतः वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन तोळ्याचा ऐवज, आणि तो दरवर्षी डोंगर ओलांडून जातो-येतो. मग चहा मागवला त्यानं.

एक गोष्ट आबांना सांगितली, की हे पक्षी बी सोलून खातात म्हणजे ती बी मेली, वडाच्या फळासारखं खाऊन दुसरीकडं टाकणं नाही, हे कारवीचे ग्राहक नाहीत, लुटारू आहेत. आबा काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "खाऊन खाऊन किती खातील? सात वर्साचं एकदम काढलंय तिनं." शास्त्रज्ञांचं पण एक म्हणणं हेच आहे, की सगळ्यांनी मिळून एकाच वर्षी एवढं बी धरायचं की खाणाऱ्यांची पोटं भरून सुद्धा उरावं, आणि मधल्या वर्षांत काहीच द्यायचं नाही म्हणजे खाणाऱ्यांची संख्या पण वाढत नाही. आबांनी ते एका वाक्यात उरकलं.

२९ डिसेंबर, रविवार

धुकं. दहा वाजेपर्यंत स्वतःचा हात दिसत नव्हता. "उईऽ" ऐकू आलं, पक्षी दिसला नाही. बुलबुल होते. येताना वाटेत कळे गावात मिसळ खाल्ली, बरी होती, कोल्हापूरची सर नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज प्रोजेक्टचं वाटोळं झालं असं आधी वाटलं, आता वाटतंय की आज कुठं सुरू झालाय.

एकूण १४ पक्षी. मी सवयीनं लिहिलं, नर ३, मादी ११. भाचीनं विचारलं, "मामा, एवढ्या माद्या कशा काय?" म्हटलं असतील, कोंबड्यांत पण एकाला दहा असतात. ती म्हणाली हे कोंबडी नाहीत, हे जोडीनं राहणारे पक्षी आहेत, आणि मोबाइल पुढं केला. मर्लिन ह्या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये तपकिरी पक्ष्याच्या फोटोखाली नुसतं मादी लिहिलेलं नाही, मादी किंवा अपरिपक्व नर असं लिहिलंय.

तर भानगड अशी आहे. रोझफिंचचा नर पहिल्या वर्षी लाल होतच नाही. अंड्यातनं बाहेर आला, मोठा झाला, इथं आला, परत गेला, तिकडं गाणं म्हणून जोडी सुद्धा जमवली, हे सगळं तपकिरी अंगानंच, मादीसारखा दिसत. लाल पिसं त्याला येतात ती दुसऱ्या वर्षीच्या पिसं बदलताना. म्हणजे माझ्या ११ माद्यांमध्ये निम्मे पोरगे असतील, कमी असतील, जास्त असतील, दुर्बिणीतनं कळायला मार्ग नाही. हातात घेऊन पंख मोजले तर थोडाफार अंदाज, पण हातात घ्यायला परवाना लागतो आणि तो आमच्याकडं नाही.

दोन महिने मी मादी मादी लिहितोय. आणि मी एकटा नाही, सगळेच असं करतात, डोळा लालवर जातो आणि उरलेलं सगळं मादीच्या खात्यात. आम्ही फोटो काढले तर तीन महिन्यांत लाल नराचे २०० आणि तपकिरीचे १२, ते पण ओळख पटवायला. लग्नात फक्त नवरदेवाचे फोटो काढल्यागत.

चहाच्या टपरीवर बसून तक्ता परत आखला. नर आणि मादी असे रकाने होते ते खोडून लाल आणि तपकिरी केले. भाची म्हणाली मागचे आकडे पण तसेच फिरवा, म्हणजे खोटं काही राहणार नाही. फिरवले.

तरण्या नरानं तपकिरी का राहावं ह्यावर तिचं म्हणणं असं की लाल म्हणजे भांडणाला आमंत्रण, पहिल्या वर्षी अंगात दम नसताना ते कशाला घ्या, तपकिरी राहिलं तर मोठे नर फारसं मनावर घेत नाहीत. शिवाय लाल लांबनं दिसतो, शिक्रा इथं रोज फेरी मारतोच. माझं म्हणणं, तालमीतली पोरं पण पहिल्या वर्षी गप माती उकरत्यात, लगेच आखाड्यात कोण सोडत नाही. दोन्हींतलं खरं काय ते तिनं मोठी झाल्यावर शोधावं.

२६ जानेवारी, रविवार

पाणी बघायचा दिवस. वाळकं बी खाणाऱ्याला पाणी लागतंच, किड्यांत पाणी असतं, बियांत नसतं. उताराच्या खाली कातळातनं एक पाझर आहे, ताटाएवढं डबकं साठतं. साडेनऊ ते अकरा तिथं बसलो. थव्यानं येतात, आधी वरच्या फांदीवर थांबून अंदाज घेतात, मग एकदम तीन-चार खाली, दोन घोट, वर. लाल ४, तपकिरी १५.

तपकिरीकडं आज मुद्दाम नीट बघितलं आणि खरं सांगायचं तर ते सगळे एकसारखे नाहीतच. कुणाच्या छातीवरच्या रेघा ठळक, कुणाच्या धूसर, एकाच्या पाठीवर हिरवट झाक. तीन महिने हे दिसलं नव्हतं कारण बघितलंच नव्हतं.

त्याच्या नावाची पण गंमत कळली. पल्लास नावाच्या निसर्गतज्ज्ञानं १७७० मध्ये व्होल्गा नदीकडच्या पक्ष्यावरनं त्याला शास्त्रीय नाव दिलं, एरिथ्रिनस, म्हणजे लाल. म्हणजे तेव्हापासनं सगळ्यांची नजर नराच्या रंगावरच. रशियन लोक मात्र त्याला चेचेवित्सा म्हणतात, त्या भाषेत मसुरीला पण हाच शब्द. आमच्या तपकिरींना शोभतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

पक्षीगणनेचा वीकएंड असल्यानं यादी ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकली. लाल ३, तपकिरी १२. ऊन वाढलंय. कारवीची पानं गळली, नुसत्या काठ्या आणि बोंडं. वाळकी झाडं एवढी दाट आहेत की कुणी विडी टाकली तर काय होईल, असं आबा बोलले.

९ मार्च, रविवार

लागली.

गुरुवारी रात्री वणवा आला, आबांनी शुक्रवारी सकाळी फोन केला. कुणी लावला माहीत नाही, गवत जाळलं की पावसात चांगलं फुटतं ह्या समजुतीनं लावतात, मग आग हद्द बघत नाही. वाड्यावरच्या लोकांनी फांद्यांनी झोडपून निम्मा उतार वाचवला. पूर्वेकडचा सगळा गेला, आमचं साडी अंथरायचं बेट गेलं, करवंदीची जाळी गेली.

काळ्या राखेत बोंडं शोधली. काही नुसता कोळसा. काही उघडलेली, आगीनं उघडली का आधी पक्ष्यांनी ते सांगता येत नाही. भाची काही बोलली नाही, तिनं पिशवीत राख आणि बोंडं भरून घेतली आणि जळालेल्या भागाची पावलं मोजत कडेकडेनं फिरली, ते मला बरं वाटलं.

आबांच्या हाताला भाजलंय, हळद लावून बसलेत. डॉक्टरकडं चला म्हटलं तर हसले. शेवटी गाडीत घालून घेऊन गेलो.

रोझफिंच एक पण नाही. उरलेल्या उतारावर पण नाही. तक्त्यात शून्य, शून्य.

१६ मार्च, रविवार

सापडले. पाझराच्या खाली ओढ्याकाठी घाणेरीचं रान माजलंय, त्यात बसलेले. लाल २, तपकिरी ९, बाकीचे कुठं विखुरले असतील. घाणेरीची काळी फळं खात होते, गर आणि आतली बी दोन्ही, चोची जांभळ्या झालेल्या.

घाणेरीला मी आयुष्यभर शिव्या दिल्यात, बाहेरनं आलेलं झुडूप, आपलं रान गिळतं. आज तिनं माझे पक्षी पोसले, त्यामुळं एक दिवस गप बसतो. पुढच्या रविवारपासनं परत शिव्या.

आबांचा हात बरा आहे.

३० मार्च, पाडवा

घरची गुढी उभी करून नऊला निघालो, उशीरच झाला. तरी दिसले, लाल ३, तपकिरी ८, उरलेल्या कारवीवर परत आलेत.

लाल नर लई लाल दिसतोय! नोव्हेंबरातले फोटो आणि आजचे शेजारी ठेवले तर दोन वेगळे पक्षी वाटतील. तेव्हा गुलाबी-मातकट, आता चांगलाच तांबडा. मला वाटलं परत पिसं बदलली, पण नाही. नवीन पिसाच्या टोकाला फिकट मातकट किनार असते आणि लाल तिच्या खाली. चार महिने फांद्यांत घुसून, वाऱ्यानं, उन्हानं ती किनार झिजते आणि खालचा लाल उघडा पडतो. रंग चढत नाही, वरचं उतरतं. सागवानाला रंधा मारल्यावर आतल्या रेषा दिसतात तसं, हे मला पहिल्यांदाच सुचायला पाहिजे होतं.

आणि तो लाल पण त्याच्या अंगात आपोआप तयार होत नाही. वनस्पतींतली पिवळी-केशरी द्रव्यं खाण्यातनं मिळतात त्यावरच तो बनतो. म्हणून पिंजऱ्यात ठेवलेला तुती पुढच्या वेळी पिसं बदलतो तेव्हा फिका पडतो. ज्या रंगासाठी धरतात तोच जातो. हे पिंजरेवाल्यांना कुणी सांगितलं तर बरं.

संध्याकाळी घरी श्रीखंड-पुरी.

१३ एप्रिल, रविवार

काल जोतिबाची यात्रा झाली, रस्त्यात गुलालानं माखलेल्या गाड्या, माणसं, एक बैल पण गुलाबी. साळवणपर्यंत पोचायला साडेसात झाले आणि मी वैतागलेलो, उन्हं वर आली की पक्षी गप होतात.

पण आज गप नव्हते. उताराच्या वरच्या अंगाला, वणव्यातनं वाचलेल्या बाजूला, शिट्टी ऐकू आली. "उईऽ" नव्हे, पूर्ण गाणं. चार-पाच सूर, गोल, स्वच्छ, खालीवर होऊन शेवटाला वर उचललेले, परत परत तेच. रशियात लोक म्हणतात हा पक्षी विचारत असतो, "वीत्याला बघितलंस का?" वीत्या म्हणजे तिकडचं आपल्या बंड्यासारखं नाव. भाचीनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "मामा, हे तर 'जेवलायसा का' म्हणतंय." आता मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

गाणारा शोधायला मी लाल शोधत होतो. एवढं सगळं होऊन, रकाने खोडून, तरी डोळा लालच शोधत होता. लाल एक दिसला, करंजाच्या शेंड्यावर, पण त्याची चोच बंद आणि गाणं चालू. भाचीनं कोपर मारलं आणि खाली बोट दाखवलं. कारवीच्या वाळक्या काठीवर एक तपकिरी, छातीवर रेघा, कोरा चेहरा, मण्यासारखा डोळा, गळा फुगवून, चोच आभाळाकडं. "जेवलायसा का." थांबला, बोंड फोडलं, बी सोलली, खाल्ली, परत "जेवलायसा का."

रेकॉर्डिंग केलं, मोबाइलवर, मागनं जोतिबाच्या भक्तांचे हॉर्न पण आलेत. चालतंय.

नोंद: तपकिरी ६, त्यातला किमान १ नर. लाल १. "किमान १" हे दोन शब्द वहीत लिहायला पाच महिने लागले.

२७ एप्रिल, रविवार

शेवटचे दोन, दोन्ही तपकिरी, पाझरावर. अंगानं भरलेले वाटले, प्रवासाच्या आधी चरबी साठवतात. जातात रात्रीचे. वर हिमालयात तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्या पण वर झुडपांत घरटं, जमिनीपासनं फार उंच नाही, निळी अंडी बारीक काळ्या ठिपक्यांची, उबवते एकटी मादी. आणि पिल्लांना बहुतेक चिमण्यांसारखे किडे न भरवता जास्त करून गळ्यात साठवून मऊ केलेल्या बियाच भरवतात. बियांवर जन्म, बियांवर मुक्काम.

भाचीचा रिपोर्ट जमा झाला. तोंडी परीक्षेत विचारलं म्हणे की नर-मादी प्रमाण का दिलं नाही. तिनं सांगितलं, सर देता येत नाही म्हणून. मार्क किती पडले ते अजून कळलं नाही.

कोल्हापुरी खाण्यावर पिसं बनतात ते वाक्य तिनं ठेवलं. शब्द थोडे बदललेत.

२७ मे, मंगळवार

पाऊस लवकर आला. सकाळी दुकानात असताना आबांचा फोन, "पाव्हणं, ऐका, डोंगार फुटतोय, लाह्या भाजल्यागत," आणि त्यांनी फोन उताराकडं धरला. मशीन बंद करून सगळ्या पोरांना गप केलं आणि कानाला लावला. मला नुसता पावसाचाच आवाज आला. आबा पलीकडनं, "आलं का ऐकू, आलं का?" म्हटलं, आलं आलं.

पुढची कामं: ऑगस्टमध्ये जळालेल्या भागात कारवीची रोपं उगवलीत का ते मोजणे, न जळालेल्याशी ताडून बघणे. ह्या उतारावर आता सात वर्षं बी नाही, म्हणून पलीकडच्या डोंगराची कारवी कधी फुलली ते आबांना विचारणे. नवी साडी मागणे.